कंपोझिटरच्या पोटऱ्या

तुमच्या घरात दिवसभर उभं राहून काम करणारं माणूस कोण आहे, आणि त्याच्या पोटऱ्या तुम्ही शेवटचं कधी नीट पाहिल्यात?

मी वीस वर्षांची होईपर्यंत पाहिल्या नव्हत्या. पाहिल्यात असं मला वाटत होतं, ती गोष्ट वेगळी.

माझे वडील, आम्ही त्यांना दादा म्हणतो, लातूरच्या एका छापखान्यात कंपोझिटर आहेत. छापखाना आतून न पाहिलेल्यांसाठी सांगते. घोडा म्हणतात त्या लाकडी चौकटीवर उतरती ठेवलेली, लहान लहान खणांची लाकडी पेटी असते, तिला केस म्हणतात. प्रत्येक खणात एकेका अक्षराचे शिशाचे खिळे. मराठीला काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरं, त्यामुळं एका केसवर भागत नाही. समोर दोन, बाजूला दोन. कंपोझिटर डाव्या हातात लोखंडी स्टिक, म्हणजे ओळ लावायची कडा असलेली पट्टी, धरतो आणि उजव्या हातानं खिळा उचलून उलटी अक्षरं एकापुढं एक लावत जातो. हे सगळं उभ्यानं. दादा सकाळी केससमोर उभे राहायचे ते दुपारी भाकरी खायला बसायचे, आणि मग पुन्हा दिवे लागेपर्यंत उभे. हात चालायचे, डोळे चालायचे. पाय त्या एका शहाबादी फरशीवर रोवलेले.

मी पत्रकांवर वाढले. हे शब्दशः खरं आहे. आमच्या घरी पुस्तकं नव्हती, पण छापखान्यातून रद्द झालेली प्रुफं आणि उरलेली पत्रकं यायची. वहीला कव्हर पत्रकाचं, शेंगदाण्याची पुडी पत्रकाची, फळीवर अंथरलेलं पत्रकच. मी पहिल्यांदा वाचलेली अक्षरं ‘बंधू-भगिनींनो’ ही होती. त्यामुळं जगात जे काही चुकतं त्याला कुणीतरी एक जबाबदार असतो, त्याचं नाव ठळक अक्षरात छापलं की निम्मं काम होतं, अशी माझी पक्की समजूत झाली. त्या समजुतीनं मी माझ्या बापाचं काय केलं, ते सांगायचं आहे.

दुष्काळाच्या साली मी दहा वर्षांची होते. लग्नं थांबली, त्यामुळं पत्रिका थांबल्या, आणि मालकांनी काही महिने छापखान्याला कुलूप घातलं. दादा औशाच्या रस्त्याला खडी फोडायला जाऊ लागले. ज्या माणसानं आयुष्यात बोटभर खिळ्यापेक्षा जड काही उचललं नव्हतं, तो घण घेऊन बसला. तिसऱ्या आठवड्यात वरून एक धोंडा निसटला आणि त्यांच्या डाव्या पायावर आला. नडगीचं हाड मोडलं. मांडीपर्यंत प्लास्टर घातलं.

दीड महिना दादा खाटेवर होते. मला ते दिवस, खरं सांगायचं तर, सुखाचे वाटले होते. खाटेखालचा पत्रकांचा गठ्ठा काढून ते मला एकेक वाचायला लावायचे. मी अडखळले की म्हणायचे, “घाई नको करू, बाई. अक्षर काय पळून चाललं न्हाई.” आई पाणी आणायला टँकरच्या रांगेत असायची. आम्ही दोघं वाचत असायचो. पाय तसाच जड, पांढरा, हालत नसलेला. बोटं हलवत जा, असं आम्हाला कुणी सांगितलं नाही. सांगितलं असेल तर आमच्या लक्षात राहिलं नाही.

प्लास्टर काढलं तेव्हा पाय मुसळासारखा सुजलेला होता. पोटरी दाबली की दादांच्या डोळ्यात पाणी यायचं. हाड जुळलं, डॉक्टर म्हणाले. हाड जुळलं होतंच. आई शेजारणीला म्हणाली, “मोडलेला पाय हाय, सुजणारच की.” आणि सूज हळूहळू उतरलीही. सगळी नाही. पण पाऊस झाला, लग्नं सुरू झाली, छापखाना उघडला, आणि दादा परत त्या फरशीवर जाऊन उभे राहिले.

त्यानंतर दोनतीन वर्षांनी त्यांच्या डाव्या घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, तपकिरी डाग दिसायला लागला. आधी रुपयाएवढा, मग तळहाताएवढा. आम्हाला तो शाईचा वाटला. कंपोझिटरच्या घरात अंगावरचा कुठलाही काळा डाग शाईचाच असतो. दादांच्या नखांत शाई, कोपरावर शाई, कानाच्या पाळीवरसुद्धा शाई. मग पायावर का नसावी? छापखान्यात शाई काढायला रॉकेलचा बोळा वापरतात. मी घरी तेच केलं. रविवारी दादा उंबऱ्यात बसायचे, पाय पुढं करायचे, आणि मी रॉकेलच्या बोळ्यानं तो डाग घासायचे, वर वज्रीनं खरवडायचे.

“निघाला का गं?” दादा विचारायचे.

“फिकट झाला थोडा.”

“मग घास अजून.”

फिकट झालेला नसायचा. लाल झालेला असायचा. चरचरत असणार, पण त्यांनी कधी पाय मागं घेतला नाही. पोरगी आपल्या पायाशी बसलीय, एवढंच त्यांना पुरत होतं बहुतेक. कितीतरी रविवार मी हे केलं. पुढं त्याच जागी कातडी पातळ झाली, खाजायला लागली आणि एके दिवशी फुटली. जखम बोराएवढी होती. तिच्यावर आईनं हळद भरली, शेजारच्या म्हातारीनं राख सांगितली, मी पुन्हा रॉकेल सुचवलं. जखम भरायची, महिन्याभरात पुन्हा उघडायची.

वरती पोटरीवर शिरा फुगल्या होत्या. निळ्या, गाठीगाठीच्या, भिजलेल्या सुंभासारख्या. त्या मी पाहिल्या होत्या आणि कष्टकरी माणसाचे पाय असेच असतात म्हणून सोडून दिल्या होत्या. एका पत्रकात मी त्यांचं वर्णनही केलं होतं. ‘श्रमानं तटतटलेल्या शिरा.’ दादांनी ती ओळ जुळवली तेव्हा त्यांना स्वतःचे पाय आठवले की नाही, मी विचारलं नाही.

कारण तोवर मी पत्रकं वाचणारी राहिले नव्हते, लिहिणारी झाले होते. कॉलेजात आमचा सातआठ जणांचा गट होता. नवा जिल्हा झालाच पाहिजे, वसतिगृहात पाणी मिळालंच पाहिजे, अमुक बंद झालंच पाहिजे. लिहायचे मी, जुळवायचे दादा. आमच्यासारख्यांचं काम शेवटी, बाकीचं आवरल्यावर, म्हणजे दिवसभर उभं राहिल्यावर अजून तासभर. मी मजकूर लांबलचक लिहायचे. दादांनी एकदा म्हटलं होतं, “बाई, दोन इशारे एकाच पत्रकात कशाला? एक दिला तरी भितील.” मी त्यांना तत्त्वाचा मुद्दा समजावून सांगितला. त्यांनी दोन्ही इशारे जुळवले.

मग कुठूनतरी शिशाच्या विषबाधेवरचं एक पत्रक माझ्या हाती लागलं. शिशात काम करणाऱ्यांच्या अंगात शिसं भिनतं, हिरड्यांवर काळी रेघ येते, हातपाय लुळे पडतात. मी घरी आले आणि दादांना म्हणाले, तोंड उघडा. हिरड्या काळ्या होत्या. तीस वर्षं मिश्री लावणाऱ्या माणसाच्या हिरड्या दुसऱ्या कुठल्या रंगाच्या असणार? पण मला आरोपी सापडला होता. मी एका बैठकीत पत्रक लिहिलं. ‘शिसं कामगाराचा पाय खात आहे’ असा मथळा दिला. खाली मालकांना सवाल, पुढं मागण्या: रोज गूळ, रोज दूध, तोंडाला फडकं.

ते पत्रक जुळवायचं कुणी? लातुरात आमच्या ओळखीचा, उशिरानं पैसे चालवून घेणारा छापखाना एकच होता. ज्यांच्याविरुद्ध पत्रक होतं त्यांचाच. दादांनी मजकूर वाचला. दोनदा वाचला.

“हा पाय माझाच हाय न्हवं?”

“हो.”

“मग मला विचारायचं तरी.”

“दादा, हा तुमच्या एकट्याचा प्रश्न नाही.”

ते हसले, चष्मा वर सरकवला आणि स्वतःच्या पायावरचं पत्रक, त्याच पायावर उभं राहून, सव्वादोन तास जुळवत बसले. बसले म्हणायची सवय आहे म्हणून लिहिलं. उभेच होते.

ट्रेडल मशीनवर एक चाचा होते, दादांच्याच वयाचे. मशीनखालची फळी, म्हणजे पायटा, पायानं खालीवर मारत कागद घालायचा आणि काढायचा, हे त्यांचं काम. त्यांनी पहिला कागद काढला, वाचला आणि माझ्याकडं बघून म्हणाले, “बेटी, शिसा तो मेरे हात में बी है. मेरा पाव कायकू नहीं खाया?” आणि पायजमा वर करून पोटरी दाखवली. दगडासारखी घट्ट, एक शीर फुगलेली नाही. मला राग आला. मी म्हणाले, चाचा, तुम्हाला हळूहळू कळेल. त्यांनी मान डोलावली आणि पायटा मारायला लागले. उत्तर माझ्या डोळ्यांसमोर खालीवर होत होतं. मला दिसलं नाही.

मालक काय करतील याची आम्ही वाट पाहिली. कपाळावर भस्माचे पट्टे ओढलेले, मवाळ बोलणारे, कुणाला दुखवायचं नाही आणि कुणाला काही द्यायचंही नाही अशा स्वभावाचे ते गृहस्थ. त्यांनी पत्रक वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी छापखान्यात गुळाची अख्खी ढेप आणून ठेवली. सगळ्यांना रोज एक खडा. शनिवारी दूध. आमच्या गटानं तो विजय म्हणून साजरा केला. माझ्या लेखणीचा पहिला विजय. दादा रोज गुळाचा खडा तोंडात टाकायचे आणि केससमोर उभे राहायचे. आत जखम पाझरत असायची.

एक स्टूल मागितलं असतं तर तेही त्यांनी आणलं असतं. ढेपेपेक्षा स्वस्त पडलं असतं. मला सुचलं नाही.

मग लातूर जिल्हा झाला. आता प्रत्येक कागदासाठी उस्मानाबादची एसटी धरायची नाही, म्हणून गावात आनंद मावत नव्हता. अभिनंदनाची पत्रकं, स्वागताच्या कमानींची निमंत्रणं, दुकानदारांच्या जाहिराती, प्रत्येकाला सकाळच्या आत हवं. आमच्या गटाचंही होतं. जिल्हा झाला पण प्रश्न सुटले का, असं काहीतरी. त्या आठवड्यात दादा घरी फक्त जेवायला यायचे. समारंभाच्या आदल्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमारास, मी माझं प्रूफ बघायला छापखान्यात गेले. दादांच्या पायाखाली फरशी ओली होती. मला वाटलं पाणी सांडलं. दादांना वाटलं शाईचा डबा लवंडला. त्यांनी खाली वाकून बोट लावलं आणि ते बोट उजेडात धरलं.

घोट्याजवळची एक फुगलेली शीर फुटली होती. दुखत नव्हतं, म्हणून त्यांना कळलंही नव्हतं.

पुढची काही मिनिटं मी कितीही वेळा आठवली तरी त्यात मी काही शहाणपणाचं करताना दिसत नाही. आम्ही त्यांना मालकांच्या खुर्चीत बसवलं. पाय खाली लोंबता. चाचांनी पानाचा दोरा आणला. जुळवलेल्या अक्षरांचं पान सुटू नये म्हणून कंपोझिटर त्याला चारी बाजूंनी ज्या दोऱ्यानं करकचून बांधतात, तो हा दोरा. दादांनी स्वतःच हात पुढं केला, “इकडं द्या, तुम्हाला जमायचं न्हाई,” आणि गुडघ्याखाली पाच वेढे घेऊन, टोक आत खोचून, पान बांधावं तसा पाय बांधला. तीस वर्षांचा हात होता. एक अक्षर हललं नसतं. पण रक्त थांबेना, उलट जास्त यायला लागलं. पाय जांभळा झाला. चाचा म्हणाले, अजून कसून बांधा. मी म्हणाले, अजून कसून. सगळ्यांचं एकमत होतं.

समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई पळत आल्या. त्यांनी एक नजर टाकली.

“हे कुणी बांधलं?”

“मीच,” दादा म्हणाले, थोडं अभिमानानंच.

बाईंनी कात्री घातली. दादांना फरशीवर आडवं केलं, पाय उचलून खुर्चीवर ठेवला, स्वच्छ फडक्याची घडी जखमेवर दाबून धरली. पाचसात मिनिटं. रक्त थांबलं. एवढंच होतं ते. आडवं करायचं, पाय वर, बोटानं दाबायचं. मी भिंतीला टेकून उभी होते, हातात माझं प्रूफ होतं आणि त्यावर मी नकळत एक चूक दुरुस्त केलेली होती.

बाईंनी नांदेडच्या एका सर्जनला चिठ्ठी दिली. चार दिवसांनी आम्ही एसटीनं निघालो. दादांना खिडकी मिळाली, पण पाय वर ठेवायला जागा कुठली? लोह्याला गाडी थांबली तेव्हा मी त्यांचा पाय माझ्या मांडीवर घेतला. समोरच्या बाईनं नाक मुरडलं, कारण जखमेला वास यायचा. दादांनी पाय काढून घ्यायचा प्रयत्न केला. मी सोडला नाही. नांदेड येईपर्यंत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो.

सर्जन तरुण होते, कमी बोलणारे. त्यांनी विचारलेला पहिलाच प्रश्न होता, “काम उभ्याचं आहे का?” आयुष्यात हा प्रश्न पहिल्यांदा कुणी विचारला होता. मी शिशाचं सांगायला लागले. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, शिसं वाईटच, त्याची काळजी घ्या, पण हा पाय शिशाचा नाही.

मग त्यांनी माझ्याच पिशवीतलं एक पत्रक पालथं घालून त्यावर पाय काढला. हृदयाकडून आलेलं रक्त पायात उतरतं, ते सोपं. परत वर चढायचं तर अवघड. त्यासाठी शिरांच्या आत लहान लहान झडपा असतात, वरच्या बाजूलाच उघडणाऱ्या. माणूस चालतो तेव्हा पोटरीचा स्नायू आवळतो, शीर पिळली जाते, रक्त वर सरकतं आणि मागची झडप लागते. पोटरी म्हणजे पंप. माणूस नुसता उभा राहिला की पंप बंद. वर्षानुवर्षं रक्ताचा भार झडपांवर येतो, त्या सैल होतात, शिरा फुगतात. तुंबलेलं रक्त कातडीत झिरपतं आणि डाग पडतो.

“तपकिरी?” मी विचारलं.

“तपकिरी.”

“घासून जात नाही तो?”

त्यांनी माझ्याकडं बघितलं. “रक्ताचा डाग आहे, आतला. घासला तर कातडी जाईल.”

दादा लगेच म्हणाले, “न्हाई न्हाई, तसं कुणी घासलं न्हाई.” मला वाचवायला बापानं डॉक्टरपुढं खोटं बोलावं, यापेक्षा त्यांनी मला एक मुस्काटात दिली असती तर बरं झालं असतं. आणि त्याच क्षणी मला चाचांची पोटरी आठवली. तेही उभेच असतात. पण त्यांचा पाय दिवसभर पायटा मारतो.

मला वाटलं, आता हे ऑपरेशन करतील. ऐकलंही होतं आम्ही, की खराब शीर ओढून काढतात आणि माणूस बरा होतो. सर्जननी दादांना आडवं केलं, उभं केलं, मांडीला रबरी नळी बांधून दवाखान्याच्या व्हरांड्यात चालायला लावलं. दादा चार फेऱ्या मारून थांबले. पोटरी फुटायला आली होती. मग सर्जननी जुन्या दुखण्यांबद्दल विचारलं. कधी पाय मोडला होता का? प्लास्टर? नंतर सूज? पोटरी दुखत होती?

दुष्काळाच्या सालातली ती दीड महिन्याची खाट. ते वाचन. आत खोल असलेल्या मोठ्या शिरेत तेव्हा रक्ताची गुठळी झाली असणार, म्हणाले. ती वाट बुजली. आता या वरच्या वेड्यावाकड्या शिरांतूनच रक्त कसंबसं वर जातंय. “ह्याच काढून टाकल्या तर परतीची वाटच राहणार नाही. इतरांचं ऑपरेशन होतं, चांगलं होतं. ह्यांचं करता येणार नाही.”

“मग औषध?” मी विचारलं.

“पट्टी. पाय उंच. चालणं. आणि उभं राहायचं नाही.”

त्यांनी पावलावरच्या नाडीला बोट लावून बघितलं, ती चांगली लागते म्हणाले, आणि मग पट्टी बांधायला शिकवलं. सकाळी, खाटेवरून पाय खाली टाकायच्या आधी. बोटांच्या मुळापासून सुरुवात, टाच झाकायची, घोट्यापाशी घट्ट, वर जाईल तशी सैल, गुडघ्याखाली थांबायचं. बोटं निळी पडली किंवा मुंग्या आल्या तर सोडायची. खाटेच्या पायथ्याखाली विटा. जखम उकळून गार केलेल्या पाण्यानं धुवायची. राख नाही, हळद नाही, रॉकेल नाही. पाय एकाएकी सुजला, दुखला, गरम झाला तर थेट दवाखाना. आणि काम करताना स्टूल, मधून मधून चार पावलं चालणं.

“एवढंच?” मी विचारलं. ज्याच्यावर मोर्चा काढता येत नाही असं काही मला तोवर भेटलं नव्हतं.

“एवढंच. पण रोज. कायमचं.”

परत आल्यावर मालकांनी दुसऱ्याच दिवशी सुताराकडून उंच स्टूल करून आणलं. मी म्हटलं ना, त्यांनी आणलं असतं. चाचांनी त्यावर स्वतःचं फडकं अंथरलं. “आव मास्टर, तख्त तयार है.” दादा आले, स्टुलाकडं बघितलं, ते एका पायानं बाजूला सरकवलं आणि उभे राहून स्टिक हातात घेतली.

मी घरी भांडले. ओरडले. डॉक्टरांनी काय सांगितलं ते पुन्हा सांगितलं, झडपा, पंप, सगळं. ते ऐकत होते. शेवटी म्हणाले, “तुला काय वाटतं, मला कळलं न्हाई?”

“मग बसत का नाही?”

त्यांनी पट्टीची गुंडाळी केली. मग म्हणाले, “शिरूर अनंतपाळकडं आपलं गाव. तिथल्या शाळेत मला दाराबाहेर बसवायचे. ‘तू तिथंच बस’ म्हणायचे. आत फळ्यावर अक्षरं, मी बाहेर मातीत बसलेला. मान उंच करून करून बघायचो. बसून अक्षरं शिकलो मी, बाई, लांबनं. इथं ती माझ्या हातात हायेत. ह्या गावचे मोठेमोठे लोक मजकूर घेऊन येतात आणि मी त्यांच्याबरोबरीनं उभा राहून बोलतो. मी अक्षरांपुढं बसणार न्हाई.”

आमच्या घरात धम्म माझ्या जन्माआधी आला. कुणापुढं वाकायचं नाही, हे मला दादांनीच शिकवलं. माझ्याकडं जी होती नव्हती ती सगळी उत्तरं त्यांनीच जुळवलेल्या पत्रकांतली होती.

मी तरी म्हटलं, “दादा, स्टूल म्हणजे दाराबाहेरची माती नव्हे.”

“तुला ठाऊक हाय. मला बी ठाऊक हाय. पाठीला ठाऊक न्हाई.” मग हसून म्हणाले, “तीस वर्षं झाली, एवढी गिऱ्हाइकं आली. वकील आले, सभापती आले. मजकूर देतात, घाई हाय म्हणतात, खुर्ची ओढून घेतात. एकानं कधी म्हणलं का, आधी तुम्ही बसा, मग बोलू? एकानं जरी मानानं म्हणलं तर बघू.”

या गोष्टीला आता चार वर्षं झाली. रोज सकाळी मी पट्टी बांधते. बोटांपासून वर, सैल होत होत. खाटेखाली विटा आहेत. जखम भरते, पावसाळ्यात उघडते, पुन्हा भरते. मागच्या वेळी भरायला सात महिने लागले. एक ओळ झाली की केसभोवती एक फेरी मारायची, एवढं त्यांनी माझ्यासाठी कबूल केलंय आणि ते पाळतात. चाचा प्रत्येक फेरीला सलाम ठोकतात. स्टुलावर आता गुळाची ढेप ठेवलेली असते.

मी अजूनही पत्रकं लिहिते. आता एकच इशारा देते. हा मजकूरही दादाच जुळवतील, दुसरा कुणी नाही. लिहून झाल्यावर मी तो दोनदा छाटला. छाटलेल्या प्रत्येक ओळीमागं त्यांच्या पायाची दोन मिनिटं वाचतात, असा माझा हिशेब आहे. तरी एवढा लांबला. ह्यापलीकडं मला काही करता आलेलं नाही, आणि तुमच्यापासून ते लपवून उपयोग नाही.

म्हणून तुमच्याकडं एक मागते. घरातल्या त्या उभ्या माणसाला आजच पाय उघडे करायला सांगा आणि उजेडात बघा. शिरा फुगल्या असतील, घोट्यावर डाग असेल, तर घासू नका, दोरा बांधू नका, डॉक्टरांकडं न्या. आमच्या पायासारखा उशीर झालेला नसेल तर त्याचं बरंच काही करता येतं. आणि कधी लातूरला आलात, छापायला काही असलं, तर आमच्या छापखान्यात या. चष्मा कपाळावर सरकवलेला, डाव्या पायाला पट्टी असलेला माणूस केससमोर उभा असेल. मजकूर लगेच काढू नका. ढेप उचलून खाली ठेवा, स्टूल पुढं करा आणि त्यांना मानानं बसायला सांगा. ते नको म्हणतील. ते बसेपर्यंत तुम्हीही बसू नका.